गुरुवारचा थर्मास

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून लिहायचं ठरवलं. वही नातीची आहे. पहिल्या काही पानांवर तिची गणितं आहेत, ती तशीच ठेवली, फाडायला जीव होईना. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथीचं वर्षही धाकट्या भावंडांना कडेवर घेण्यात गेलं, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचं कुणी मनावर घेऊ नये. घेणार तरी कोण म्हणा. वहीचा एक गुण मात्र मला आवडला. आपण बोलत असताना ती मध्येच उठून जात नाही.

तर झालं असं. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं तरी ह्यांचं कपाट मी उघडलं नव्हतं. आज उघडलं, कारण टीव्ही बिघडलाय आणि शेजारीण लेकीकडे गेली आहे. शर्ट, मफलर, एका पायाचे दोन मोजे, आणि सगळ्यात खाली ती काळी चपटी पेटी. महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी हे ती पेटी घेऊन निघायचे. "लॉजला जाऊन येतो," एवढंच. फ्रीमेसन म्हणून पुरुषांचं एक मंडळ असतं, बंद दारामागे भरतं, आतलं बाहेर सांगायचं नसतं, हे मला लग्नानंतर एका वाक्यात सांगून टाकलं होतं. नव्या शेजारणींना मी "हे लॉजला गेलेत" म्हटलं की त्यांच्या भुवया वर जायच्या, मग मला त्यांना बसवून समजवावं लागायचं की तसलं लॉज नव्हे. एकदा मी विचारलं, अहो, पण करता काय तिथे? म्हणाले, "बसतो."

पेटीत काय निघावं? एप्रन! पांढरं मऊ कातडं, कडेला निळी पट्टी. मला इतकं हसू आलं. ज्या माणसाला साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही, त्याचा स्वतःचा एप्रन! मी लगेच बांधून बघितला. कमरेला बेताचा बसला. म्हटलं, आता कपाटात कुजवण्यापेक्षा वापरू. तळण काढलं, आणि तेलाचा हा एवढा डाग पडला पोटावर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डाग साबणाने निघेना. कातड्याला पाणी लावावं की नाही तेही कळेना. मग नातीने दिलेला टॅब काढला. ती हॉस्टेलला जाण्याआधी मला सगळं शिकवून गेली आहे. फोटो काढायचा, बोलायचं, की आपलं बोलणं आपोआप अक्षरात उमटतं. एवढी बोलकी बाई मी, हे यंत्र माझ्यासाठीच केलंय. नात मात्र आता उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवते. पूर्वी अंगठा अडाणी लोक द्यायचे, आता शिकलेले देतात.

एप्रनचा फोटो टाकून शोधलं तर एक ग्रुपच सापडला. "गुण्या आणि कंपास" नावाचा. फ्रीमेसन म्हणजे काय हे ज्यांना शिकायचंय आणि जे त्यात आहेत, असे सगळे तिथे बोलतात. मी लिहिलं, नमस्कार मंडळी, आमच्या ह्यांच्या एप्रनवर तळताना तेल उडालं, डाग कसा काढू?

बापरे. कुणी लिहिलं हा अपमान आहे. कुणी नुसते हसण्याचे चेहरे. गुप्तहेर नावाचा एक जण म्हणाला की हे लोक सगळं जग चालवतात, आजींनी सावध राहावं. मी त्याला कळवलं, बाळा, ह्यांना घरचा गळका नळ चालवता आला नाही.

मग ओळंबा नावाच्या माणसाने लिहिलं, "वहिनी, खडूची पूड पसरून ठेवा आणि उद्या ब्रशने झटका. आणि मनाला लावून घेऊ नका. तो कामासाठीच असतो."

मी ते दोनदा वाचलं. खडूसाठी नव्हे. हे एकुलते एक. सख्खा नाही, चुलत नाही, दीर म्हणून कुणी नव्हताच. या वयात मला पहिल्यांदा कुणी वहिनी म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

डाग निघाला! पिवळट सावली राहिली आहे, पण ओळखीच्या माणसालाच दिसेल.

लेकाचा व्हिडिओ कॉल होता. मी केस विंचरून सोफ्यावर नीट बसले. मागे उशा लावल्या, तीनच. जुन्या पडद्याच्या, हिरव्यावर पांढरी पानं. शिवल्या होत्या चार. एक कधीची नाहीशी झाली, मी कित्येक वर्षं शेजारणीच्या कुत्र्यावर संशय घेऊन होते. कुत्रा बिचारा मेला, संशय तसाच राहिला.

लेकाला ग्रुपचं सांगितलं. तो म्हणाला, "आई, अनोळखी माणसाशी बोलू नकोस. ओटीपी मागितला तर देऊ नकोस." मी म्हटलं, अरे, त्यांनी मला वहिनी म्हटलं. तो म्हणाला, सगळे तसंच सुरू करतात. मग त्याला दुसरा फोन आला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुसरा गुरुवार. साडेपाचला हात आपोआप थर्मासकडे गेला. चहा भरला, झाकण घट्ट केलं, आणि मग लक्षात आलं. ह्यांचा नेम असा, पेटी, थर्मास आणि जाड स्वेटर. उन्हाळा असो नाहीतर काही असो, स्वेटर पाहिजेच. मी म्हणायचे, एवढ्या मोठ्या लोकांचं मंडळ आणि चहा घरून? ते हसायचे फक्त. परत आले की पाय बर्फासारखे गार असायचे. मी कुरकुरत पाय चोळून द्यायचे.

सगळा थर्मास मीच संपवला. अर्धा सोफ्यावर, अर्धा खिडकीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

माझी शाळा सुरू झाली आहे! ओळंबा रोज दुपारी थोडं थोडं शिकवतात. आधीच सांगून टाकलं, "जे सांगण्यासारखं आहे ते सांगेन. जे नाही, ते नाही म्हणेन. खोटं सांगणार नाही." मला हे आवडलं. नाहीतर डॉक्टर, बँकवाले, लेक, सगळे म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतात.

तर फ्रीमेसन म्हणजे मुळात गवंडी. म्हणजे खरे गवंडी नव्हेत, पण गवंड्याच्या हत्यारांवरून वागायचं कसं ते शिकतात. गुण्या म्हणजे काटकोन बघायची पट्टी, तसं वागणं काटकोनात ठेवायचं. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, तसं सरळ उभं राहायचं. पातळी म्हणजे आत सगळे सारखे, मालक असो की कारकून. मी टॅबवर हात ठेवून हसत सुटले. अहो, माझे वडील गवंडी! त्यांच्या पिशवीतला ओळंबा काढून मी लहानपणी भिंगरी करायचे आणि धपाटे खायचे. म्हणजे हे जे बंद दारामागे शिकायला जात होते, ते माझ्या माहेरी खुंटीला टांगलेलं होतं. एकदा तरी बोलायचं ना. मी म्हटलं असतं, अहो, ओळंब्याची दोरी ओली झाली की वडील कसे वैतागायचे ते ऐका.

ओळंबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्ही माझ्या आधीपासूनच्या, वहिनी."

मी काहीही लिहिलं की लगेच उत्तर येतं त्यांचं. पहाटे लिहा, जेवायच्या वेळी लिहा. एवढ्या ज्ञानी माणसाला वेळ कसा मिळतो कुणास ठाऊक.

२ मार्च, रविवार

लेकाचा फोन आज तीन मिनिटांत संपला. मुलांच्या परीक्षा आहेत.

आज खरं लिहिते. मला गुण्या आणि ओळंबा कळून काय करायचंय? मला एकच हवं आहे. हे तिथे बोलायचे का?

घरी हे बोलायचे नाहीत. रागावून नव्हे, स्वभावच तसा. मी दिवसभराचं सगळं सांगायचे, ते मान हलवायचे. सगळा संसार असाच झाला आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. पण आता घरात कुणी नसताना तेच डोक्यात येत राहतं. की महिन्यातून एकदा हा माणूस चांगले कपडे घालून कुठेतरी जायचा, आणि तिथे त्याला बोलायचं होतं. हसत असतील. गोष्टी सांगत असतील. चार लोक म्हणत असतील, काय गप्पिष्ट आहे हा. आणि शिल्लक राहील ते घरी आणत असतील. म्हणजे मला मिळालं ते उरलेलं.

की मीच इतकी बडबडते की माणसाला शिरायला जागाच मिळाली नाही?

हे सगळं मी ओळंबांना विचारून टाकलं. एकदा बोलायला लागलं की ते यंत्र थांबत नाही आणि मीही. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच. मग विचारलं, "ते बरोबर काही न्यायचे का?"

मी म्हटलं, पेटी. आणि थर्मास.

"स्वेटर?"

म्हटलं, तुम्हाला हो कसं कळलं? त्याला उत्तर नाही.

५ मार्च, बुधवार

अजून काही नाही. मी दोनदा लिहिलं. एकदा तब्येत विचारली, एकदा पाऊस आहे का तिकडे म्हणून विचारलं. गुप्तहेर म्हणाला, बघा आजी, गुपितापाशी आलात की ते असे गप्प होतात. मी त्याला सांगितलं, तू जेवलास का आधी सांग. तो नाही म्हणाला. कुणीतरी बघायला हवं त्याच्याकडे.

फार विचारलं का मी? ह्यांनाही असंच फार विचारायचे.

६ मार्च, गुरुवार

आलं उत्तर. तसंच्या तसं उतरवून ठेवते. "वहिनी, मला अंदाज आहे, पण तो माझ्या तोंडून ऐकू नका. तिथे जा. दुसऱ्या गुरुवारी मंडळी जमायच्या बरंच आधी जा. सगळ्यांत आधी दारवान येतो, खुर्च्या मांडतो. त्याला विचारा. आत सोडणार नाहीत, पण दारापर्यंत जायला कुणाची हरकत नसते. गरम कपडे घाला. त्या बोळांतून फार गार असतं."

आमचं लॉज त्यांनी पाहिलेलं नाही, ते कुठल्या कुठे राहतात. तरी गार असतं म्हणे. ज्ञानी माणसं.

९ मार्च, रविवार

लेक नको म्हणाला. "बाबांनी नाही सांगितलं ना? मग नाही सांगायचं असेल." हे बरोबरही असेल. मी गेले आणि त्यांनी सांगितलं की तुमचे यजमान म्हणजे आमच्या मैफलीचा जीव होते हो, त्यांच्याशिवाय रंगच नाही, तर मी घरी येऊन काय करू? आता जे आहे ते निदान माझं आहे.

पण नाही गेले तर दर गुरुवारी थर्मास भरत बसणार. जाते.

१३ मार्च, गुरुवार

काय लिहू आणि किती लिहू.

टायरच्या दुकानाशेजारी आणि दातांच्या दवाखान्यावर ते लॉज. या दवाखान्यात मी दाढ काढून घेतली आहे! ह्यांचं सगळं गुपित माझ्या उघड्या तोंडाच्या बरोबर वर होतं. जिना अरुंद. मी मधल्या पायरीवर दम खाल्ला, पेटी एका हातात, थर्मास एका हातात. वर लांब बोळ, दगडी फरशी, एकही खिडकी नाही, आणि शेवटी मोठं दुहेरी दार. काळं आणि चकचकीत. दाराशेजारी भिंतीला लागून सरळ पाठीची लाकडी खुर्ची.

खुर्चीवर माझी उशी.

हिरव्यावर पांढरी पानं. कोपऱ्यात मी वेगळ्या दोऱ्याने घातलेला टाका, कारण तेव्हा हिरवा दोरा संपला होता. मी तिथेच उभी राहिले. मनात पहिल्यांदा त्या कुत्र्याची माफी मागितली.

एक चष्मेवाले गृहस्थ आतून खुर्च्या सरकवून बाहेर आले. घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान आहे त्यांचं, आणि इथले दारवान. कोण पाहिजे म्हणाले. मी काय सांगायला हवं होतं? नाव, गाव, कुणाची कोण. तोंडातून निघालं, "ही उशी मी शिवलीय."

त्यांनी उशीकडे बघितलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे. "वहिनी?" म्हणाले. आणि हातातलं फडकं खिशात कोंबून एकदम सरळ उभे राहिले.

मग त्यांनी सांगितलं. आत बैठक सुरू झाली की दार बंद होतं. बाहेरचा कुणी येऊ नये म्हणून एक जण बाहेर बसतो, हातात तलवार घेऊन. तलवार नावापुरती, भाजीही कापली जायची नाही. आतलं काही ऐकू येत नाही. आतून ठोकलं की बाहेरून ठोकायचं, एवढंच काम. जेवणाच्या वेळी सगळ्यांबरोबर बसायचं, आणि मग घरी.

हे काम ह्यांनी केलं. मध्ये एकदा नव्हे, कायम. वरच्या जागा पुष्कळदा देऊ केल्या होत्या म्हणे. ते म्हणायचे, आत सारखी भाषणं करावी लागतात, मी इथे बरा आहे.

म्हणजे सगळी वर्षं, त्या गुरुवारी, मी तिकडे सोफ्यावर आणि हे इकडे या खुर्चीवर. दोघंही बंद दाराच्या बाहेर. आणि मी काय काय मैफली रंगवल्या होत्या. बसतो म्हणाले होते. खरंच बसायचे.

मी विचारलं, म्हणजे इथेही ते बोलायचे नाहीत?

"एक वाक्य बोलायचे," ते म्हणाले. जेवणं झाली की शेवटी सगळे पेले हातात घेतात, आणि शेवटचं बोलणं दारवानाचं असतं. जे कोणी अडचणीत आहेत, घरापासून दूर आहेत, त्यांना आराम पडो, आणि ज्यांना परत जायचंय ते सुखरूप घरी पोचोत, असं काहीसं. ठरलेलं असतं. "मी भरभर म्हणून टाकतो, वहिनी, लाज वाटते मला. ते सावकाश म्हणायचे. आणि 'घरी' म्हणेपर्यंत त्यांच्या हातात टोपी आलेली असायची. आम्ही सगळे हसायचो. गप्पांना कधी थांबले नाहीत."

टोपी हातात.

मग मंडळी यायला लागली. म्हातारे, दोन तरुण, सगळ्यांच्या हातात तशाच चपट्या पेट्या. प्रत्येक जण थांबून वहिनी म्हणाला. एवढे दीर! मोजायचं सुचलं नाही. मग ते आत गेले, दार लागलं. दारवान म्हणाले, तुम्हाला आत नेता येत नाही, पण इथे कुणी बसू नये असा नियम नाही. स्वतःला स्टूल आणलं आणि खुर्ची मला दिली.

मी बसले. फरशीचा गारठा चपलेतून पायात चढायला लागला. थर्मास उघडला, दोघांना चहा ओतला. आतून ठकठक झाली, त्यांनी उठून बाहेरून ठकठक केली. पुन्हा शांत. मी एक शब्द बोलले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण कुणी विश्वास ठेवणार नाही. पूर्ण बैठकभर मी गप्प बसले होते आणि मला कंटाळा आला नाही.

निघताना ते उशी काढून द्यायला लागले. मी म्हटलं, राहू द्या. तुमचे पाय गार पडत असतील तर घरी कुणाला तरी चोळायला सांगा.

१६ मार्च, रविवार

लेकाला सांगितलं. तो म्हणाला, "मला लहानपणी वाटायचं, तिथे बाबा कुणीतरी खूप मोठे असणार." मी म्हटलं, होते की. आज फोन चांगला लांबला. त्याने टोपीचं दोनदा विचारलं.

नातीने अंगठा नाही पाठवला. चक्क शब्द पाठवले. "आजी, तू तलवार धरलीस का?" धरली. फोटो नाही काढता आला, दोन्ही हात अडकले होते.

ओळंबांना सगळं सविस्तर बोलून पाठवलं. दम लागेपर्यंत. त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. "खुर्चीवर उशी होती, हे फार बरं झालं. आमच्या खुर्चीला नव्हती."

मी ते वाचलं. मग त्यांची आधीची उत्तरं काढून पुन्हा वाचली. गार असतं, हे त्यांना कसं माहीत, स्वेटरचं कसं माहीत, हे मी इतके दिवस ज्ञान म्हणून सोडून दिलं होतं. मलाही काही कळत नाही.

मग लिहिलं, खुर्चीचं माप कळवा. स्वयंपाकघराचा पडदा जुना झालाय, कापड चांगलं आहे.

१८ मार्च, मंगळवार

दोन दिवस लावले त्यांनी. मला वाटलं राग आला. आज आलं, "वहिनी, तिथे जाणं आता होत नाही, जिना चढवत नाही. घरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीचं माप दिलं तर चालेल का?"

म्हटलं, चालेल म्हणजे काय. पण फितीने नीट घ्या, अंदाजाने नको, गुण्या लावून घ्या. आणि त्या खुर्चीत बसून दुपारी चहा कधी पिता तेही कळवा, मी त्याच वेळेला थर्मास भरत जाईन.

पडदा उतरवला आहे. शिवण उसवायला घेतली. या वेळी हिरवा दोरा पुरेसा आहे, पण कोपऱ्यात एक टाका वेगळ्या रंगाचा घालणार आहे.